१४ एप्रिलची सबील आणि स्टाफरूममधला माठ

१४ एप्रिल जवळ आला की मोहल्ल्यातल्या तरुणांच्या बैठका सुरू होतात. मिरवणूक आपल्या चौकातून जाणार, मग सबील कुठे लावायची, पाण्याचे कॅन किती घ्यायचे, सरबत ठेवायचे की ताक, बॅनरवर मजकूर काय टाकायचा. एकट्या रिसोडचीच ही गोष्ट नाही, वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हे आता नेहमीचे झाले आहे. एप्रिलच्या उन्हात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला आलेल्या माणसाला थंड पाण्याचा ग्लास मिळतो. चांगलीच गोष्ट आहे, ती चालू राहावी.

आम्ही शाळेत शिकवणारे लोक, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला एक पुढचा प्रश्न जोडायची सवय. रस्त्यावर एक दिवस पाणी पाजणारे आपण, उरलेले ३६४ दिवस आपल्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात पाणी कोणाला कसे देतो? तिथे काम कोणाला देतो, आणि कोणते काम देतो? बाबासाहेबांचे चरित्र नीट वाचले तर पाणी आणि नोकरी या दोन गोष्टी त्यात सारख्या एकमेकींच्या शेजारी येतात. शाळेच्या पुस्तकात चवदार तळे येते, संविधान येते. कामाच्या ठिकाणची गोष्ट मात्र फारशी येत नाही. म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगतो.

१९१७ सालची गोष्ट. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनचे शिक्षण अर्धे ठेवून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, त्या बदल्यात संस्थानची सेवा करायची असा करार होता. महाराजांची इच्छा चांगली होती, हुकूम त्यांचा होता, पगार ठरलेला होता. तरी कचेरीत काय झाले? शिपाई फाइल हातात देत नसत, लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला खोली मिळेना, तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामानासकट बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांच्याही घरात जागा निघाली नाही. शेवटी ते मुंबईला परत आले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नोकरी मिळाली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर नेमणूकपत्र हातात होते. पण नेमणूक होणे वेगळे आणि त्या जागेवर माणूस म्हणून बसता येणे वेगळे. वरच्या अधिकाऱ्याची नियत साफ असली म्हणून खालच्या माठापर्यंत ती पोहोचतेच असे नाही.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वर्गात मुले त्यांचे व्याख्यान ऐकायला गर्दी करू लागली, दुसऱ्या कॉलेजची मुलेही परवानगी काढून येऊन बसत. आणि स्टाफरूममध्ये? तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शिकलेली माणसे, कॉलेजात शिकवणारी! आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष झोंबते, कारण माठ प्रत्येक स्टाफरूममध्ये असतो. आता त्या जागी फिल्टर आला असेल, कपाट आले असेल, पण कोणता कप कोणाचा हे ठरलेलेच असते.

या दोन्ही गोष्टी एका उच्चशिक्षित माणसाच्या झाल्या. साध्या कामगाराचे काय होत होते, ते मुंबईच्या कापड गिरण्यांत दिसते, आणि आमच्या मते आपल्या समाजाने वाचायची खरी गोष्ट ही आहे.

गिरणीत अनेक खाती असत. त्यात विणाईचे खाते, ज्याला कामगार कापडखाते म्हणत, ते चांगल्या पगाराचे. दलित कामगारांना सूतकताईच्या आणि इतर कमी पगाराच्या खात्यांत घेत, विणाईच्या खात्यात घेत नसत. कारण काय दाखवायचे? त्या काळच्या मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणजे एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. दलित कामगाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे इतर विणकरांचे म्हणणे. बस्स, एवढ्यावर हजारो माणसांची जास्तीची कमाई पिढ्यान्‌पिढ्या अडून राहिली. पिण्याच्या पाण्याची भांडीही अनेक गिरण्यांत वेगळी होती.

आता जरा थांबून विचारा, त्या कापडखात्यात कोण होते? मराठा कामगार होते आणि आपले मुसलमान विणकर होते. उत्तरेतून रोजीच्या शोधात आलेले मोमीन-जुलाहे मुंबईत मदनपुऱ्यासारख्या वस्त्यांत राहिले आणि गिरण्यांच्या विणाईत कामाला लागले. हातमाग इंग्रजी कापडाने मोडला म्हणून देशोधडीला लागलेली ही माणसे होती. ती स्वतः गरीब होती, सावकाराची कर्जदार होती, त्यांच्यावर अन्याय झाला होता यात शंका नाही. पण ज्या दाराच्या आत ती उभी होती, ते दार दुसऱ्या कोणासाठी बंद होते. प्रत्येक मुसलमान विणकराने हरकत घेतली असे आम्ही म्हणत नाही. बंद दाराचा फायदा मात्र आत असलेल्या प्रत्येकाला मिळत होता.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. डांगे, निंबकर, मिरजकर, जोशी असे नेते होते. मालकांपुढे मागण्यांची यादी ठेवली गेली, त्यात पगार होता, कामाचे तास होते, मागांची संख्या होती. दलित कामगारांना विणाईच्या खात्यात घ्या, ही मागणी काही त्या यादीत नव्हती. बाबासाहेबांनी नेत्यांना स्पष्ट बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा दलितांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना या संपात राहा असे सांगू शकणार नाही. तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी यादीत आली. आणि मालकांनी काय उत्तर दिले? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! एका अर्थाने मालकांचे बरोबरच होते. हा अन्याय कामगारांनी कामगारांवर केलेला होता. मालकाविरुद्ध एकजुटीच्या घोषणा देणारे हात धोटा मात्र एकत्र धरायला तयार नव्हते.

म्हणून बाबासाहेबांचे नाव घेताना नुसते ‘आपल्यावर अन्याय होतो’ एवढेच म्हणून भागत नाही. आपल्यावर अन्याय होतो हे खरे आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, त्यात सरकारी आणि खासगी नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण किती तुटपुंजे आहे ते सरकारी आकड्यांनीच सांगितले. आपली शिकलेली पोरे पुण्या-मुंबईत मुलाखतीला जातात आणि नाव वाचल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हा अनुभव मोहल्ल्यातल्या दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतो. भाड्याच्या खोलीचे तर विचारूच नका. बडोद्याची धर्मशाळा अजून बंद झालेली नाही, फक्त तिच्या दारातला जमाव बदलत राहतो. पण त्याच वेळी आपणही कुठेतरी कापडखात्याच्या आत उभे असतो, हे कबूल केले पाहिजे.

दौलताबादची गोष्ट यासाठीच सांगितली पाहिजे, जरी आपल्याला ती ऐकायला बरी वाटत नसली. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत निजामाच्या राज्यात वेरूळ, दौलताबाद बघायला गेले होते. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला छोटा हौद होता, त्यावर त्यांनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. महिना कोणता होता? रमजानचा! बाबासाहेबांनी विचारले की तुमचा धर्म हे शिकवतो का, आणि आमच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून रोखणार का? यावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण पाण्याला कुठे हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मुसलमान समाजातही जाती आहेत, उच्चनीच आहे, हेही त्यांनी लिहिले. त्यांच्या लिखाणातले काही आपल्याला कडू लागते, काही पटतही नाही. पण दौलताबादच्या प्रश्नाला जमावाजवळ जसे उत्तर नव्हते, तसे आपल्याजवळही नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच खरी आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर दलितांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायची होती तर मंडपाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. सभांमधून आपण महाडचा फत्तेखान अभिमानाने सांगतो. दौलताबादचा म्हातारा कोणी सांगत नाही. वारसा म्हटला की दोन्ही माणसे आपल्याच वाट्याला येतात.

आता कामगार कायद्यांबद्दल थोडेसे. जयंतीच्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो की बाबासाहेबांनी कामाचे १४ तास ८ वर आणले. ते जुलै १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी काम केले हे अगदी खरे. पण आकडा नीट सांगितला तर गोष्ट कमी मोठी होत नाही, उलट समजते. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे ५४ तास होते, हंगामी कारखान्यांसाठी ६०. १९४६ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे ४८ आणि ५० झाले. हंगामी म्हणजे कोणते? कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग त्यातच यायचे. म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या जिनमध्ये सरकी-रुईच्या धुळीत राबणाऱ्या बाया-माणसांचे आठवड्याचे दहा तास त्या दुरुस्तीने कमी केले. आजोबा-पणजोबा जिनमध्ये होते अशी कितीतरी घरे आपल्या भागात आहेत.

तसेच बाळंतपणाच्या रजेचे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी असे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. आज कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि १० किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या दुकान-आस्थापनांना तो कायदा लागू होतो. रिसोडसारख्या गावात दहापेक्षा कमी माणसांची दुकाने, दवाखानेच जास्त, तिथे कायदा हात टेकतो. मग दवाखान्यातली आया, शिवणकामाच्या दुकानातली मुलगी सातव्या महिन्यात घरी बसते आणि परत येते तेव्हा तिच्या जागी दुसरी असते. यात कोणी कायदा मोडला असे म्हणता येत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांत आता समावेशनाची धोरणे असतात, त्यासाठी वेगळे अधिकारी असतात. आपला वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. नीती आयोगाने मागास म्हणून निवडलेल्या देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत तो आहे. इथे कामाची जागा म्हणजे काय? बाजार समितीतली हमाली, सोयाबीनच्या हंगामातला आडत्याचा काटा, गॅरेज, बेकरी, हॉटेल, कापड दुकान, खासगी दवाखाना, कोचिंग क्लास, नगर परिषदेची सफाई आणि शाळा. यातली कितीतरी आस्थापने आपल्याच लोकांची आहेत. धोरण वगैरे काही लिहिलेले नसते, मालकाचा स्वभाव हेच धोरण. म्हणून इथे बदल करायला कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. हॉटेलमालकाला वाटले तर आज संध्याकाळपासून सफाईवाल्या कामगाराला बाहेर पायरीवर बसून चहा प्यायची वेळ येणार नाही.

आपल्याच शिक्षणसंस्थांविषयी मात्र थोडे जास्त बोलले पाहिजे, कारण आम्ही त्याच खात्यातले. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा-कॉलेज काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. हे कलम ज्या मसुद्यातून आले त्याच्या समितीचे अध्यक्ष कोण होते, हे सांगायला नको. महाराष्ट्रात अल्पसंख्याक शाळांना नोकरभरतीत आरक्षणाचे बंधनही नाही. ही सवलत आपल्याला भाषा आणि संस्कृती जपायला मिळाली. पण प्रत्यक्षात काय होते? उर्दू शिकवायला उर्दू जाणणारा शिक्षक लागणार हे ठीक. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, मराठीचा शिक्षक, चित्रकलेचा शिक्षक, इथेही माणूस शोधताना संचालकांच्या नात्यागोत्याबाहेर नजर जात नाही. आणि सफाईचे काम निघाले की मात्र नजर बरोबर एका ठराविक वस्तीकडे वळते! कायदा सक्ती करत नाही म्हणून आपण मोकळे, की सक्ती नाही म्हणून आपली जबाबदारी जास्त?

दुसरी गोष्ट पगाराची. विनाअनुदानित शाळांमधून, कोणाच्याही असोत, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा हा प्रकार शिक्षकांना चांगला ठाऊक आहे. घाम वाळायच्या आत मजुराची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण त्याच शाळेत परिपाठाला सांगितली जाते. हाताखाली काम करणारे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता तेच त्यांना खाऊ घाला, अशीही हदीस आहे. मुले हे पाठ करतात आणि मग मधल्या सुट्टीत शिपाईकाकांचा वेगळा ठेवलेला कप बघतात. यातला कोणता धडा त्यांच्या लक्षात राहत असेल?

बायांसाठीचे स्वच्छतागृह हा विषय तर बैठकीत निघाला की पुरुष मंडळी मोबाइल बघायला लागतात. बाजारपेठेतल्या दुकानात दहा-दहा तास उभी राहणारी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. तहान असून पाणी टाळावे लागणे, हे दुकानाच्या मालकाच्या लक्षातही येत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती नेमायची आहे, त्याहून लहान ठिकाणच्या बायांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. हे आपल्या मुलींना माहीत असले पाहिजे. शाळेच्या फळ्यावर दोन ओळींत लिहून ठेवता येते एवढी ही माहिती आहे.

आणि आता खिदमत. ज्या कामात आम्ही शिक्षक लोक थेट उपयोगी पडू शकतो, ते हे.

घटनेच्या ३४० व्या कलमात मागासवर्गांची स्थिती तपासायला आयोग नेमण्याची तरतूद आहे. हा आयोग सरकारने नेमला नाही, ही खंत बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना बोलून दाखवली होती. पुढे १९५३ मध्ये कालेलकर आयोग झाला, १९७९ मध्ये मंडल आयोग झाला, १९९० मध्ये अंमलबजावणी जाहीर झाली आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मंडलच्या यादीत मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्याही होत्या. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, अभिनेते दिलीपकुमार त्या चळवळीसोबत गावोगावी उभे राहिले. आज बागवान, तांबोळी, पिंजारी, मण्यार, अत्तार, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्यांना ओबीसीचे प्रमाणपत्र मिळू शकते, छप्परबंद समाज विमुक्त जातींत आहे. (दलित मुसलमानांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, मुसलमान-ख्रिस्ती बाहेरच राहिले.)

पण प्रमाणपत्र मिळणे आणि हक्क असणे यांच्या मध्ये एक भिंत आहे, कागदाची. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हा त्यातला महत्त्वाचा कागद. आणि तिथे जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. बिरादरीचा पत्ता नाही. कुठे पालकाच्या धंद्याच्या रकान्यात कापूस पिंजणे किंवा बांगड्या विकणे असे सापडले तर धागा लागतो. त्यातही जुन्या उर्दू शाळांची रजिस्टरे उर्दूत, शिकस्त वळणाच्या अक्षरात. नातू-नातीला उर्दू येत नाही, तहसीलच्या बाबूला येत नाही, जात पडताळणी समितीला मराठी भाषांतर लागते. अर्ज इथेच अडतो, मुलीचा इंजिनिअरिंगचा किंवा नर्सिंगचा प्रवेश खुल्या गटातून जातो, फी परवडत नाही आणि ती घरी बसते. आमच्या डोळ्यांसमोर हे दर जून-जुलैमध्ये घडते.

यात लबाडी करून काही होणार नाही, जुन्या नोंदीत खाडाखोड केली तर गुन्हा दाखल होतो, ते कोणी सुचवूही नये. करता येण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. आज पहिलीत येणाऱ्या मुलाची नोंद करताना पालकांना पाच मिनिटे बसवून धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत हे समजावून सांगायचे. ‘सर, मुसलमानच लिहा ना, जात काय लिहायची’ असे बहुतेक बाप म्हणतात. इस्लाममध्ये जात नाही हे त्यांचे म्हणणे ईमानाचे आहे. पण रजिस्टर हा समाजाच्या परिस्थितीचा कागद आहे, हे त्यांना मायेने सांगावे लागते. ज्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येते अशा शिक्षकांनी, निवृत्त झालेल्या जुन्या उस्तादांनी, महिन्यातून एखादा रविवार जुने उतारे वाचून द्यायला बसायचे.

आणि हे काम फक्त आपल्या मोहल्ल्यापुरते ठेवायचे कारण नाही. बौद्ध वस्तीतल्या मुलांनाही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, भटक्या जमातींच्या मुलांचे तर आजोबा शाळेतच गेलेले नसतात. ई-श्रमची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, दिव्यांगांचे प्रमाणपत्र, यासाठी फिरणारी माणसे सगळ्याच वस्त्यांत आहेत. लहानपणी बाबासाहेब आणि त्यांची भावंडे मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे निघाली होती, तहानेने व्याकूळ, तेव्हा वाटेतल्या टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून त्यांनी उर्दूत बोलून आपण मुसलमान आहोत असे सांगितले होते. त्यांना उर्दू छान येत होते. पाणी तरीही मिळाले नाही. ज्या भाषेत त्या मुलाने पाणी मागून पाहिले, ती भाषा आज आपल्याजवळ आहे आणि तिच्यात लिहिलेले कितीतरी कागद वाचणारा कोणी नाही.

यंदाच्या सबीलच्या बैठकीत हा विषय घ्यावा असे आम्ही तरुणांना सुचवले आहे. सबीलच्या शेजारी एक टेबल, दोन खुर्च्या, अर्जांचे नमुने आणि उर्दू-मराठी दोन्ही लिहिणारा एक माणूस, एवढेच लागेल. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जुना उतारा असेल त्यांनी त्याची झेरॉक्स सोबत आणावी, मूळ कागद घरीच ठेवावा. उतारा नसेल तर आजोबांचे पूर्ण नाव, गाव, शाळा आणि ते अंदाजे कोणत्या साली शाळेत होते, एवढे एका चिठ्ठीवर लिहून आणले तरी शोध सुरू करता येतो.